तरंगत्या गेटावरचा विद्युतभार : किती भरवशाचा?

अ‍ॅनालॉग इलेक्ट्रॉनिकीची वर्गातली ओळख बहुधा डिजिटलची पूर्वज अशीच असते. ग्रामोफोन गेला, तसे अ‍ॅनालॉगही गेले, असा विद्यार्थ्याचा समज होतो. उलट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत हल्ली असे ऐकू येते, की अ‍ॅनालॉग चिपा अत्यल्प विजेत तीच गणिते करतील आणि डिजिटलचे दिवस भरतील. आमच्या मते दोन्ही विधाने सारखीच उथळ आहेत. ती पारखण्यासाठी एकाच तंत्रावर उभी राहिलेली दोन जुनी उत्पादने आम्ही येथे तपासायला घेत आहोत.

आधी तंत्र पाहू. मॉस ट्रान्झिस्टरमधून किती प्रवाह वाहावा हे त्याच्या गेटावरील व्होल्टता ठरवते. १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डॉन कांग व सायमन झी यांनी या गेटाखाली आणखी एक गेट ठेवण्याची कल्पना मांडली. हे दुसरे गेट कोणत्याही तारेला जोडलेले नसते. ते चोहोबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेले असते, म्हणून त्याला तरंगते गेट म्हणतात. हा थर सिलिकॉन डायऑक्साइडचा असेल तर सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनला त्यात शिरण्यासाठी सुमारे ३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा बांध ओलांडावा लागतो. खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे मिळणारी ऊर्जा याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीच असते. त्यामुळे आत गेलेला इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे अडकून राहतो. त्याला आत घालायचे तर मोठ्या व्होल्टतेने वेगवान करून बांधावरून उडवावे लागते, किंवा पुंजयामिकीच्या नियमाने बांधातून आरपार न्यावे लागते.

आपल्या पेन ड्राइव्हमधील फ्लॅश स्मृती याच तत्त्वावर वाढली. तिला विचारायचा मूळ प्रश्न सोपा आहे : भार आहे की नाही? (आता एका पेशीत आठ किंवा सोळा पातळ्याही ओळखल्या जातात; पण त्यांमध्ये मोकळे अंतर ठेवलेले असते, शिवाय चुका दुरुस्त करणारे संकेतही असतात.) अ‍ॅनालॉग वापरात मात्र प्रश्न असतो : भार नेमका किती? हा प्रश्न केवढा कठीण आहे, ते फळ्यावर मांडून पाहता येते. तरंगत्या गेटाची धारिता १ फेम्टोफॅरड धरली, तर एका इलेक्ट्रॉनने व्होल्टता ०.१६ मिलिव्होल्टने बदलते. म्हणजे १ व्होल्टसाठी सुमारे ६,२५० इलेक्ट्रॉन लागतात. या १ व्होल्टच्या २५६ पायऱ्या केल्या, तर एका पायरीच्या वाट्याला जेमतेम २४ इलेक्ट्रॉन येतात. दहा वर्षांत एका पायरीचीही चूक नको असेल, तर सरासरीने पाच महिन्यांत एकाहून अधिक इलेक्ट्रॉन निसटता कामा नये! धारिता वाढवली की इलेक्ट्रॉन वाढतात, पण चिपेवरील जागाही त्या प्रमाणात खर्ची पडते.

आता पहिले उत्पादन. १९९० च्या दशकाच्या आरंभी इन्फर्मेशन स्टोरेज डिव्हायसेस या अमेरिकन कंपनीने आवाज साठवणारी चिप आणली. सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना एकाच तरंगत्या गेटात अ‍ॅनालॉग रूपातच ठेवायचा, अशी तिची रीत. सुमारे १,२८,००० पेशींत १६ सेकंदांचा निरोप मावत असे. तोच आवाज आठ बिटांच्या डिजिटल रूपात एका पेशीत एक बिट या हिशोबाने ठेवायचा तर आठपट पेशी लागल्या असत्या. ही चिप खरोखर चालली. १९९८ मध्ये विनबाँडने ती कंपनी विकत घेतली, त्यानंतरही अशा चिपा बनत राहिल्या.

दुसरे उत्पादन इंटेलचे. १९८९ मध्ये जाहीर झालेल्या इटॅन या चिपेत ६४ कृत्रिम चेतापेशी आणि त्यांना जोडणारे १०,२४० दुवे होते. प्रत्येक दुव्याचा गुणक तरंगत्या गेटावर भार म्हणून ठेवलेला असे. यातील कल्पना सुंदर होती. तारा एकत्र जोडल्या की प्रवाहांची बेरीज आपोआप होते, हा बारावीत शिकवला जाणारा किरखॉफचा नियमच येथे बेरीज करतो! डिजिटल मंडलात आठ बिटांच्या एका साध्या बेरजेलाही दोनशेच्या आसपास ट्रान्झिस्टर लागतात. फर्मीलॅबमध्ये कणांचे मार्ग ओळखण्यासाठी ही चिप वापरूनही पाहिली गेली. तरीही तिचा प्रसार झाला नाही, आणि इंटेलने नेस्टर कंपनीबरोबर काढलेली पुढची एनआय-१००० ही चिप डिजिटल होती.

तंत्र एकच असताना असे का व्हावे? आमच्या मते कारण चुकीच्या स्वभावात आहे. आवाजाच्या चिपेत प्रत्येक पेशीतील चूक त्या एका नमुन्यापुरतीच राहते. कानाला ती बारीक खरखर म्हणून जाणवते आणि कान ती चालवून घेतो. इटॅनमध्ये मात्र पुष्कळ गुणाकार एकत्र येतात. त्यांतील आडव्यातिडव्या चुका काही अंशी एकमेकींना छेद देतात, परंतु तापमानामुळे सर्वच दुवे एका दिशेने सरकले तर ती चूक बेरजेत विरत नाही. शिवाय शिकताना गुणकांत हजारो वेळा अगदी सूक्ष्म बदल करावे लागतात, आणि प्रत्येक वेळी स्पंद द्यायचा, मोजायचे, पुन्हा स्पंद द्यायचा, असा खटाटोप असतो. त्यात विद्युतरोधक थरही झिजतो. चिपेच्या नावात ‘शिकवता येण्याजोगी’ असा शब्द होता. पण शिकण्याचे गणित करी बाहेरचा संगणक. हे नाव आम्हाला कामापेक्षा मोठे वाटते.

म्हणून आजच्या दाव्यांना तीन प्रश्न विचारावेत. उत्तर किती अचूक हवे आहे? तापमान बदलले आणि दहा वर्षे लोटली, तर काय उरते? आणि अ‍ॅनालॉग उत्तर पुन्हा डिजिटल करताना जी वीज जाते, ती हिशोबात धरली आहे का? या शेवटच्या खर्चातच कित्येकदा बचतीचा मोठा वाटा संपतो, आणि जाहिरातीत नेमका तोच वगळणे सोपे असते.

याचा अर्थ हे तंत्र टाकाऊ आहे असा नाही. सतत जागे राहून एखादा ठरावीक आवाज ओळखणे, संवेदकातून येणारा संकेत गाळून घेणे, मंडलातील बारीक विषमता कारखान्यातच दुरुस्त करणे, अशा कामांत थोडी चूक चालते आणि विजेची बचत मोलाची ठरते. तेथे तरंगते गेट शोभून दिसते. विद्यार्थ्यांना ‘जुने’ आणि ‘नवे’ अशी लेबले देण्यापेक्षा ‘कोणत्या कामात किती चूक परवडते?’ हे विचारायला शिकवणे आम्हाला अधिक अगत्याचे वाटते. वरचे २४ इलेक्ट्रॉनांचे गणित एका तासिकेत होते, आणि ते ज्याने स्वतः केले तो विद्यार्थी कोणत्याही बाजूच्या घोषणेला सहजासहजी भुलणार नाही.