कवडीमोल चार गाणी

काफे ताकुबाचं 'देहाते काएर' मी जवळजवळ दोन वर्षं त्यांचंच समजून ऐकत होतो. ऑफिसमध्ये बिल्ड चालू असताना हेडफोनवर हमखास हेच. मग एकदा लोस त्रेस या चिलीच्या बँडचं १९९५ चं मूळ गाणं कानावर पडलं आणि जरा ओशाळलोच. स्पॅनिश मला अ‍ॅपवर शिकण्यापुरतीच येते, पण श्रेय वाचायला कुठे फार भाषा लागते?

'बाले कायांपा' ही २००२ ची ईपी. गाणी फक्त चार आणि चारही लोस त्रेसची. 'कायांपा' म्हणजे अळंबी. पण चिलीच्या बोलीत एखादी गोष्ट कायांपाच्या किमतीची म्हटली की ती कवडीमोल. मेक्सिकोच्या बँडने चिलीची बोली घेऊन आपल्याच रेकॉर्डला असं नाव द्यावं, यातला खट्याळपणा मला आवडतो.

तिच्या आधीचा 'रेबेस/यो सोय' हा १९९९ चा दुहेरी अल्बम. त्यातला अर्धा भाग निव्वळ वाद्यसंगीताचा. लॅटिन ग्रॅमी मिळालं, खप मात्र बेताचा. पुढे वॉर्नर कंपनीशी असलेला संबंध संपला. तिकडे लोस त्रेस २००० साली विसर्जित झाला होता. म्हणजे नुकती कंपनी बदललेला बँड नुकत्याच मिटलेल्या बँडची गाणी गातोय. 'देहाते काएर' म्हणजे 'स्वतःला पडू दे', 'तीराते' म्हणजे 'झोकून दे'. चारातली दोन शीर्षकं अशी असावीत हा योगायोग असेलही, मला तो ऐकू येतो खरा.

अशा रेकॉर्डला 'मधल्या वेळचं खाणं' म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. दुसऱ्यांची गाणी ताकुबाने १९९६ च्या अल्बमातही गायली होती, पण तिथे आठ वेगवेगळ्या घरची आठ गाणी. इथे एकच घर, त्यामुळे लपायला जागा नाही. 'देहाते काएर'मध्ये लोस त्रेसच्या गिटारी बाजूला होतात, ठोका यंत्रासारखा एकसुरी चालत राहतो आणि त्यावर रुबेन आल्बार्रानचा तो नाकातला, टोकदार आवाज. मूळ गाण्यात आल्बारो एन्रिकेस आतल्या आत कुढल्यासारखा वाटतो, इथे तीच चाल नाचायला लावते. मैफलीत ताकुबाचे चौघं रांगेत उभे राहून या गाण्यावर खरोखर नाचतात, आणि तो नाच पाहताना मला दर वेळी हसू येतं आणि थोडं भरूनही येतं. गाण्याची चाल मोडली नाही, उदासी गेली नाही, तरी गाणं पार दुसरं झालं.

बाकी तिन्ही या उंचीला जात नाहीत. 'आमोर बिओलेंतो' मला मूळचंच बरं वाटतं. इथे ते जरा जास्तच अदबीने हाताळलंय. 'ओलोर आ गास'मध्ये गंमत आहे, पण परत लावावंसं वाटत नाही.

पुढच्या वर्षी 'क्वात्रो कामीनोस' आला. त्यात ड्रम मशीनच्या जागी माणूस बसला आणि बँड मोकळा, कच्चा वाजू लागला. एमानुएल देल रेआलचं 'एरेस' त्यातलंच. हा अल्बम मी आता ऐकतो तो आधी ती चार गाणी लावूनच. लोस त्रेस २००६ मध्ये पुन्हा एकत्र आला. त्यांचं 'देहाते काएर' आता माझ्या यादीत ताकुबाच्या वर आहे.