मगरीसारखा, पण मगरीचा पूर्वज नव्हे

प्राचीन प्राण्यांवरील सचित्र पुस्तकांत फायटोसॉरच्या चित्राखाली अनेकदा 'मगरींचे पूर्वज' असे लिहिलेले आढळते. या ओळीला आमचा आक्षेप आहे.

चित्र चुकीचे नसते. लांब जबडा, अणकुचीदार दात, पाठीवर हाडांच्या ढाली, सुसरच वाटावी! पण नाकपुड्या पाहा. सुसरीच्या नाकपुड्या जबड्याच्या टोकाशी असतात, फायटोसॉरच्या मात्र डोळ्यांजवळ होत्या. पाण्यात दबा धरून श्वास कसा घ्यायचा, याचे उत्तर दोघांना वेगवेगळ्या वाटेने मिळाले. यालाच आपण अभिसारी उत्क्रांती म्हणतो. ट्रायासिक काळाच्या अखेरीस, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, फायटोसॉर निर्वंश झाले. मग ते मगरींचे पूर्वज कसे? फार तर दूरचे भाऊबंद.

वरवर पाहून ठरवण्याची खोड जुनीच आहे. १८२८ साली जर्मनीत येगर यांनी दातांच्या खोबणींत साचून घट्ट झालेल्या गाळालाच दात मानले, प्राणी शाकाहारी ठरवला आणि 'वनस्पती-सरडा' या अर्थाचे नाव दिले. चूक उमगली, नाव राहिले.

आपल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातही फायटोसॉर सापडले. त्यांतल्या एकाला लायडेकर यांनी १८८५ साली नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून पॅरासुकस हिस्लॉपी हे नाव दिले.

शिक्षकांनी पुस्तकातली ती ओळ झाकावी, सुसरीचे चित्र शेजारी ठेवावे आणि मुलांना नाकपुड्या शोधायला सांगावे. नाते कशावरून ठरवायचे, हा प्रश्न मग मुलेच विचारतील.