पर्यायांची पुनरुक्ती : लिनक्स कर्नलच्या केकॉन्फिग-सूचीची पाठचिकित्सा

संगणकाच्या कर्नलची घडण ठरविणाऱ्या प्रश्नावलीकडे वाङ्मयीन चिकित्सेच्या दृष्टीने पाहण्याचा प्रघात नाही. ती यंत्राला दिलेली आज्ञावली होय, तिच्यात वाचण्यासारखे काय असणार, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः लिनक्स कर्नलची केकॉन्फिग-सूची ही माणसांनी माणसांसाठी लिहिलेली, असंख्य हातांनी नकलून वाढविलेली आणि वारंवार शुद्ध केलेली संहिता आहे. तिच्यात पंधरा हजारांहून अधिक पर्याय आहेत. पर्यायाला नाव असते. बहुधा एक प्रश्न, एक गृहीत उत्तर, काही अवलंबित्वाच्या अटी आणि उत्तर देणाऱ्यास साहाय्य करणारी एक टीपही असते. अशा संहितेत पुनरुक्ती शिरणे अपरिहार्यच. ती काढून टाकणे म्हणजे निव्वळ झाडलोट, असे कर्नलकारांच्या बोलण्यात सहज येते. परंतु केर कोणता आणि पाठ कोणता हे ठरविणे हा संपादकीय निर्णय आहे, आणि तो चुकला म्हणजे त्याची किंमत संपादकास द्यावी लागत नाही. अकोल्याच्या एखाद्या महाविद्यालयात जुने यंत्र असेल तर ते नव्या कर्नलवर सुरू होत नाही. का होत नाही, हे सांगणारे वाक्यही पडद्यावर उमटत नाही. म्हणून या शुद्धीकरणाची पद्धती तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

या सूचीतील पुनरुक्ती दोन प्रकारची आहे. एकच पर्याय अनेक ठिकाणी लिहिला गेला आहे, हा पहिला प्रकार. एकाच यंत्रभागासाठी दोन निरनिराळे ड्रायव्हर, म्हणून दोन निरनिराळे पर्याय उभे आहेत, हा दुसरा. पहिला प्रकार लेखनाचा आहे, दुसरा अर्थाचा. दोन्हींना एकच उपाय लागू करण्याची वृत्ती अधूनमधून दिसते, आणि बहुतेक गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण पीसीआय या पर्यायाचे. २००२ पूर्वी प्रत्येक प्रोसेसर-घराण्याची स्वतंत्र प्रश्नसूची होती आणि सर्व टिपा मात्र एकाच दूरच्या फाइलमध्ये साठविलेल्या होत्या. साहजिकच प्रश्न बदले आणि टीप तशीच राही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, २.५.४५ या आवृत्तीत, रोमन झिप्पेल यांची केकॉन्फिग-भाषा स्वीकारली गेली आणि टीप प्रश्नाच्या शेजारी येऊन बसली. हा मोठाच लाभ होता. तथापि इंटेल, एआरएम, मिप्स इत्यादी घराण्यांनी पीसीआयचा पर्याय आपापल्या घरी स्वतंत्रपणे लिहिण्याची रीत चालूच राहिली. कोठे प्रश्न विचारला जाई, कोठे न विचारताच ‘होय’ धरले जाई. एका वेळी एकाच घराण्यासाठी कर्नल बांधला जात असल्याने यंत्रास या पुनरुक्तीचा पत्ताच लागत नसे. तिचा उपद्रव होई तो केवळ वाचणाऱ्यास आणि दुरुस्ती करणाऱ्यास.

या नकलांत एक मौजेची गोष्ट आहे. इंटेल-घराण्यातील टीप वाचकास सांगे की, आपला मदरबोर्ड पीसीआयचा आहे की नाही ते पाहावे. आणि पुढे आयसा, ईसा, व्हेसा अशा अन्य बसांची नावे घेई. व्हेसा ही बस जुन्या ४८६ च्या काळातील पीसीपुरती मर्यादित. तरीही ती टीप एआरएम व मिप्स यांच्या सूचीत व्हेसाच्या उल्लेखासह जशीच्या तशी उतरली होती. ज्या यंत्रांत ही बस कधी नव्हतीच, तेथे तिचा उल्लेख कसा आला, याचे उत्तर पाठचिकित्सेचा विद्यार्थी तत्काळ देईल. समान प्रमाद हा समान पूर्वजाचा पुरावा होय. एकोणिसाव्या शतकात कार्ल लाखमान यांच्या नावाने रूढ झालेली ही कसोटी कर्नलच्या सूचीस इतक्या चपखलपणे लागू पडावी, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नकल करणारा हात पोथीवर असो वा कळफलकावर, तो सारख्याच रीतीने चुकतो.

वऱ्हाडातील अभ्यासकास याहून जवळचा दाखला उपलब्ध आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या. मूळ प्रत पुढे धाडीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध करावा लागला, असे महानुभाव परंपरा सांगते. पुनर्रचना अनेकांच्या स्मरणावर आधारलेली असल्याने पाठ अनेक झाले. या परंपरेने त्यांतला एक ठेवून बाकीचे पुसले नाहीत. हिराइसा, रामेश्वरबास आदींच्या नावाने भिन्न पाठ नोंदवून ठेवले. कोणता पाठ कोणाकडून आला हे वाचकास कळावे अशी तजवीज केली. वि. भि. कोलते यांची १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘लीळाचरित्रा’ची संपादित आवृत्ती शक्य झाली ती या नोंदी टिकल्या म्हणूनच. कर्नलचा इतिहासही गिट या साधनात अक्षरशः टिकून आहे, हे खरे. परंतु तो इतिहास संपादकापाशी राहतो. प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याच्या हाती असते ती केवळ चालू आवृत्ती. हा भेद क्षुल्लक नव्हे.

पीसीआयची पुनरुक्ती दूर करण्याचे काम क्रिस्टॉफ हेलविग यांनी २०१८ मध्ये हाती घेतले, केकॉन्फिगचे तत्कालीन पालक मासाहिरो यामादा यांच्यामार्फत ते मुख्य संहितेत आले, आणि २०१९ च्या मार्चमधील ५.० या आवृत्तीत ते वाचकांपुढे आले. पीसीआयबरोबरच पीसीएमसीआयए, ईसा व रॅपिडआयओ यांच्याही नोंदी घराण्यांच्या सूचींतून उचलून ड्रायव्हरांच्या समाईक विभागात ठेवल्या गेल्या. या पॅचमालेचे खरे मोल ओळी कमी झाल्या यात नाही. पूर्वीच्या प्रत्येक नोंदीत दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले होते: या घराण्यात पीसीआय असू शकते काय, आणि बांधणाऱ्यास ती हवी आहे काय. हेलविग यांनी पहिल्यासाठी ‘हॅव पीसीआय’ हे प्रश्न न विचारणारे चिन्ह निर्माण केले. ते लावण्याचा अधिकार घराण्याकडे राहिला. दुसरा प्रश्न समाईक नोंदीत एकदाच विचारला गेला. जेथे पीसीआयवाचून यंत्र चालणेच शक्य नाही तेथे ‘फोर्स पीसीआय’ हे तिसरे चिन्ह. शक्यता, इच्छा आणि अनिवार्यता यांची ही विभागणी म्हणजे अर्थाचे पृथक्करण आहे. पुनरुक्ती तिच्या ओघात नाहीशी झाली. संहितेचे संपादन कसे असावे याचा हा नमुना मानावयास हरकत नाही.

तरीही ते निरुपद्रवी होते असे म्हणता येत नाही. इंटेल-घराण्याच्या जुन्या नोंदीत ‘होय’ हे गृहीत उत्तर होते. समाईक नोंदीत ते उतरले नाही. त्यामुळे तयार उत्तरपत्रिकांत, म्हणजे डेफकॉन्फिग फाइलींत, पीसीआयचे ‘होय’ स्वतंत्रपणे लिहावे लागले. कर्नलच्या आतील उत्तरपत्रिका पॅचकर्त्यास दिसतात, म्हणून त्या दुरुस्त झाल्या. बाहेरच्या उत्तरपत्रिका त्यास दिसत नाहीत.

दुसऱ्या प्रकारची पुनरुक्ती अधिक कठीण. मुंबई–नागपूर मार्गावरील मूर्तिजापूर जंक्शनात रुंदमार्गाशेजारी यवतमाळ व अचलपूरकडे जाणारे अरुंद मार्ग होते. केवळ स्थानकात उभे राहून पाहणारास ते रुळांचे द्वित्व वाटले असते. गाड्या कोणत्या गावी जातात हे विचारल्यावरच ते द्वित्व नाही हे समजले असते. रियलटेकच्या ८१३९ या नेटवर्क-कार्डासंबंधीचे दोन पर्याय याच जातीचे आहेत. ‘८१३९टू’ आणि ‘८१३९सीपी’ हे दोन्ही ड्रायव्हर एकाच पीसीआय-ओळखक्रमांकावर दावा सांगतात. नामसादृश्यावरून त्यांतला एक फाजील ठरविणे सोपे. पण चिपच्या सुधारणा-क्रमांकावरून त्यांची क्षेत्रे वेगळी होतात, आणि एक काढला तर दुसरा त्याची जागा घेऊ शकत नाही. याउलट जुन्या आयडीई-विभागातील ड्रायव्हर आणि जेफ गार्झिक यांच्या लिबाटा-विभागातील ड्रायव्हर हे खरेच एका गावी जाणारे दोन मार्ग होते. एकाच चिपला दोन्ही लागू पडत. जो आधी जागा होई तो डिस्क ताब्यात घेई. एकाच डिस्कला एक ‘एचडीए’ म्हणे, दुसरा ‘एसडीए’. डिस्कची नावे जेथे हाताने लिहिलेली असत, तेथे पर्याय बदलताच यंत्र सुरू होईनासे होई. शिवाय जुन्या नावाखाली एका डिस्कचे ६३ विभाग करता येत, नव्याखाली त्या काळी १५ च. २००६ मध्ये लिबाटाला स्वतंत्र दालन मिळाले. जुना विभाग गेला तो २०२१ मध्ये, ५.१४ या आवृत्तीत. पंधरा वर्षांच्या या सहअस्तित्वास आळस म्हणून हिणविले जाते. ते अन्यायाचे आहे. त्या अवधीत नव्या विभागाने जुन्याची यंत्रे एकेक करून आपल्या ताब्यात घेतली, आणि मगच जुना दरवाजा बंद झाला.

घाईचे उदाहरण हवे असेल तर ‘एसके९८लिन’ या नेटवर्क-ड्रायव्हरचे घ्यावे. त्याच्या जागी ‘एसकेजीई’ व ‘स्काय२’ हे सुबक ड्रायव्हर आले म्हणून २००७ मध्ये तो काढून टाकण्यात आला. काही कार्डांवर नवे ड्रायव्हर नीट चालत नाहीत असे आढळताच त्याच वर्षी तो परत आणावा लागला. नवा कोड अधिक सुंदर होता याबद्दल दुमत नाही. प्रश्न सौंदर्याचा नव्हताच.

ध्वनीच्या विभागात मात्र एड्रियन बुंक यांनी वेगळी वाट धरली. आल्सा ही नवी ध्वनिप्रणाली २.६ मध्ये स्थिर झाल्यावर, ज्या यंत्रभागांना आल्साचे ड्रायव्हर उपलब्ध आहेत त्यांचे जुने ओएसएस-ड्रायव्हर त्यांनी एका ‘कालबाह्य’ पर्यायाखाली एकत्र केले. त्या पर्यायाच्या टिपेत वाचकास विनंती होती की, आल्सा आपल्या यंत्रावर नीट चालत नसल्यामुळे येथे ‘होय’ म्हणावे लागत असेल तर तसे कळवावे. संपूर्ण केकॉन्फिग-सूचीत याहून सभ्य वाक्य सापडणे कठीण. जो पाठ वगळावयाचा त्याच्या वाचकास आधी विचारावे, हा संपादनाचा पहिला धर्म येथे पाळला गेला. अर्थात ही विनंती इंग्रजी वाचणाऱ्या, टीप उघडून पाहणाऱ्या आणि परक्या माणसास ई-मेल लिहिण्याचा संकोच न वाटणाऱ्या वाचकासच पोहोचते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम या पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठ-क्षेत्रातील किती प्रयोगशाळांतून तसे पत्र गेले असते, याचा अंदाज करणे अवघड नाही. मौन म्हणजे संमती, असा अर्थ येथे लावता येत नाही.

शुद्धीकरणाचा खरा कस लागतो तो नावांच्या बाबतीत. केकॉन्फिगला अनोळखी नाव दिसले की ते मुकाट्याने गाळले जाते. २००६ मध्ये २.६.१६ या आवृत्तीत आयपी-४ व आयपी-६ यांच्या फायरवॉलमधील दुहेरी यंत्रणा एक्सटेबल्स या नावाखाली एकत्र झाली. एकीकरण सर्वथा योग्य होते. परंतु जुने पर्याय आता एका नव्या पर्यायावर अवलंबून झाले, आणि त्या नव्या पर्यायाचे उत्तर जुन्या उत्तरपत्रिकेत असणे शक्यच नव्हते. विचारलेल्या नव्या प्रश्नास ज्याने सवयीने ‘नाही’ म्हटले, त्याची फायरवॉलच कर्नलमधून गेली. २०१२ च्या जानेवारीतील ३.२ मध्ये इथरनेट-ड्रायव्हरांची उत्पादकवार मांडणी झाली तेव्हा हा धडा ध्यानात ठेवलेला दिसतो: प्रत्येक उत्पादकाच्या नव्या प्रश्नास ‘होय’ हेच उत्तर गृहीत धरले गेले, जेणेकरून जुन्या उत्तरपत्रिकेतील कार्डे हरवू नयेत.

एर्लांगेन येथील संशोधकांनी २०११ मध्ये २.६.३५ या आवृत्तीतील १,७७६ संरचनादोष यांत्रिक रीतीने शोधून दाखविले. त्यांचे साधन पर्याय व कोड यांतील विसंगती अचूक पकडते. परंतु पर्याय आणि बांधणाऱ्याची जुनी उत्तरपत्रिका यांतील विसंगती त्याच्या कक्षेबाहेरची आहे, कारण ती उत्तरपत्रिका संहितेत नसतेच.

या उणिवेवर भाषेतच उपाय झाला तो २०२५ मध्ये. ६.१८ या आवृत्तीसाठी कीस कुक यांनी केकॉन्फिगमध्ये ‘ट्रान्झिशनल’ हा गुणधर्म घातला. बदललेल्या पर्यायाचे जुने नाव या गुणधर्मासह सूचीत ठेवता येते. ते प्रश्न विचारत नाही, नव्या उत्तरपत्रिकेत लिहिले जात नाही. पण जुन्या उत्तरपत्रिकेतील त्याचे उत्तर वाचून नव्या नावास पुरविते. पहिला उपयोग ‘सीएफआय क्लँग’चे ‘सीएफआय’ असे नामांतर करताना झाला. जुना पाठ त्याच्या नावानिशी जपण्याची रिद्धपूरची रीत येथे, अगदी वेगळ्या गरजेतून, अवतरली आहे. मात्र ती नामांतरापुरती आहे. ज्या ड्रायव्हरला वारस न ठेवता काढून टाकले, त्याच्या जुन्या नावास उत्तर पुरविण्याजोगे नवे नावच नसते. अशा अनोळखी नावांबद्दल सावध करणारी सोय २०२४ च्या जानेवारीतील ६.७ पासून उपलब्ध आहे. पण तिच्यासाठी बांधणाऱ्याने आधी एक पर्यावरण-चल स्वतः लावावे लागते. ते लावले नाही तर गळालेले नाव आजही निमूटपणेच गळते.