कुणबिणीचे मरण कोणत्या रकान्यात?

मराठी साहित्यातील शेतकरी स्त्री या विषयावरील एका परिसंवादात मला बोलावे लागले. माझ्या आधीच्या एका वक्त्यांनी तिला 'काळ्या आईची लेक' म्हटले, दुसऱ्यांनी 'घरची लक्ष्मी'. टाळ्याही पडल्या. माझी आजी बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. बांधावर बसून तिने खाल्लेली भाकर वरून हातात टाकलेली असे, आणि ती टाकणारीही एक शेतकरीणच होती. त्यामुळे मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. एक साधा प्रश्न मात्र मनात आला. ही लक्ष्मी मरत कशाने होती? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंदापूरकडच्या एखाद्या गावात एक कुणबीण जन्मली, नांदली, राबली आणि मेली, तर तिचे जगणे-मरणे कोणी, कशात, कोणत्या नावाने लिहून ठेवले? त्याचे उत्तर शोधताना माझ्या हाती जे लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात शब्दापासूनच करू. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको, असे आपण सहज म्हणतो. पण पेशवाईच्या कागदपत्रांत 'कुणबिणी' या शब्दाचा दुसरा अर्थ आहे : विकत घेतलेल्या, दान दिलेल्या, सरकारी कोठ्यांत आणि वाड्यांत राबणाऱ्या दासी. राबणारी ती बाई आणि राबते ती दासी, इतके हे समीकरण भाषेत मुरले होते. ज्या संस्कृतीने शेतकऱ्याच्या बायकोला आणि गुलाम बाईला एकच नाव दिले, तिनेच पुढे तिला लक्ष्मी म्हणावे, यातला विनोद आमच्या समीक्षकांच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

आता सरकारी कागद पाहू. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीचा इतिहास इंदापूर तालुक्याला टाळून लिहिताच येत नाही. प्रिंगलसाहेबांची आधीची आकारणी कोसळली, रयत परागंदा झाली, आणि १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरातच नवी मोजणी सुरू केली. पुढे सबंध इलाख्याला हीच पद्धत लागू झाली. त्या मोजणीत मातीचा रंग पाहिला, खोली पाहिली, जमिनीची प्रत आण्यांत ठरवली. मुरमाड किती, चुनखड किती, याचा हिशोब झाला. गावची शीव कुठून जाते ते सांगायला महार पुढे होता. पण त्या मातीतले तण ज्या हातांनी काढले, ज्यांनी कणसे खुडली, खळ्यावर वाऱ्याला पाठ देऊन धान्य उपणले, त्या हातांसाठी मोजणीत रकाना नव्हता. खातेदार म्हणून नाव पुरुषाचे. मातीची प्रत ठरली. मातीत राबणारीचे नावसुद्धा विचारले गेले नाही.

दुसरा कागद कर्जरोख्याचा. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, आजच्या बारामती तालुक्यात आणि तेव्हाच्या भीमथडीत, बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे गाठली, खते हिसकावली आणि जाळली. 'दख्खनचे दंगे' म्हणून हा उठाव प्रसिद्ध आहे. चौकशीला आयोग बसला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आमच्या मुलांना हे परीक्षेपुरते पाठ असते. पण खत होण्याआधी घरात काय होत होते? जमीन गहाण पडण्याआधी बाईच्या अंगावरचे मोडले जाते, हे कर्जबाजारी घरातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तिच्या डोरल्याचे खत कोणी लिहीत नव्हते, म्हणून सुप्याच्या आगीत ते जळालेही नाही. नवऱ्याचे कर्ज त्याच्या मागे तिच्या लेकरांच्या डोक्यावर येई. नवऱ्याची जमीन तिच्या नावावर येत नसे. बंडाच्या इतिहासात तिला जागा नाही, कारण जळालेल्या कागदांवर अंगठा तिचा नव्हता.

तिसरा कागद मरणाचा. सुप्याच्या उठावानंतर वर्षभरातच पाऊस गेला, आणि १८७६-७८ च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याचा हा पूर्वभाग होरपळून निघाला. सरकारने दुष्काळी कामे काढली. टेंपलसाहेबांनी ठरवलेली मजुरी रोज एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे, एवढीच होती. त्यातही बाईचा दर पुरुषाहून कमी. मजुरी कापली तेव्हा हजारो लोक कामे सोडून उठले, हेही नोंदवलेले आहे. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नरकडच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जनावरे पडत आहेत, माणसे गाव सोडून जात आहेत, ही हकीकत आहे. एका शेतकरी घरातून आलेल्या बाईने दुष्काळावर लिहिलेला तो दुर्मीळ कागद आहे. सरकारी दप्तरात मात्र गावचा पाटील मृत्यूची नोंद करी ती ठरावीक सदरांत : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि इतर कारणे. भूक हे सदर त्यात नव्हते. बाळंतपण हेही नव्हते. अर्धपोटी खडी फोडून तापाने गेलेली कुणबीण 'तापा'त गेली. सातव्या बाळंतपणात गेलेली 'इतर कारणां'त. तिच्या सबंध आयुष्याचा समारोप 'इतर' या शब्दात झाला.

सरकारचे दप्तर कोरडे असणारच. पण साहित्याने काय केले? ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री पुरुष तुलना' १८८२ चे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून ते पेटून लिहिले गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणीपर्यंत मराठी वाचकाला त्याची आठवण नव्हती. त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी घरात कोंडलेली, विधवापणाने जाळलेली स्त्री आहे. रानातली स्त्री नाही. फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. त्याची दोन प्रकरणे 'दीनबंधू'त येऊन पुढचे छापणे थांबले, आणि पुस्तक म्हणून तो त्यांच्या हयातीत निघालाच नाही. त्यात शेतकऱ्याचे घर, कर्ज, कचेरीतली नागवणूक सर्व काही आहे. 'कुळंबीण' या काव्यात तर फुल्यांनी राबणारी कुळंबीण आणि तिच्या श्रमावर बसून खाणारी भटीण समोरासमोर उभ्या केल्या. तिच्या श्रमाला श्रम म्हणणारे मराठीतले हे पहिले मोठे लेखन, असे मी मानतो. पण या चित्रात कुळंबिणीच्या वर कोण आहे ते दिसते. तिच्या खाली कोण आहे ते दिसत नाही. ज्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला त्या फुल्यांना ती खालची बाई माहीत नव्हती असे कोण म्हणेल? तरीही चौकट दोघींचीच राहिली, आणि पुढच्या ग्रामीण साहित्याने ती चौकटसुद्धा मोडून तिथे देव्हारा बांधला.

ओव्यांचे तसेच झाले. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' मध्ये ओव्या जमवल्या, हे उपकारच आहेत. पण त्यानंतर ओवी म्हणजे माहेर, भाऊ, विठ्ठल आणि सोशिकपणा, अशी समजूत पाठ्यपुस्तकांनी पक्की केली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुढे खेड्याखेड्यांतून लाखभर ओव्या गोळा केल्या, तेव्हा कळले की जात्यावर बाई भांडते, नवऱ्याला सुनावते, आणि बाबासाहेबांचे नावही घेते. म्हणजे ती गप्प नव्हती. ऐकणाऱ्याने निवडून ऐकले.

या संदर्भात बंगालमधील एका लेखाची आठवण होते. रणजित गुहा यांनी १९८७ मध्ये 'चंद्राचा मृत्यू' या अर्थाचा लेख लिहिला. बीरभूम जिल्ह्यातील चंद्रा चाषानी ही बागदी या हीन लेखलेल्या जातीची बाई १८४९ मध्ये गर्भ पाडण्याच्या औषधाने मेली. चाषानी म्हणजे शेतकरीणच. न्यायालयाला तिच्या मरणात गुन्हा दिसला. गुहांनी तेच जबाब वाचून विचारले : तिला जगवण्यासाठी भोवतालच्या बायका का धडपडत होत्या, आणि गाव कशाची भीती घालत होते? कागद तोच, प्रश्न वेगळा. आपल्याकडचे कागद असे वाचायला कोणी बसले आहे काय?

आता आपल्या बाजूचे बोलतो, कारण ते बोलल्याखेरीज हा लेख अप्रामाणिक ठरेल. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने तेव्हाच बजावले. १९८६ मध्ये बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आले. पुरंदरातल्या वीरगावचा महारवाडा, त्यातल्या पोरसवदा बाळंतिणी, त्यांची भूक, त्यांचे मरण त्यात आहे. इंदापूर-बारामतीपासून हे अंतर कितीसे? मधे एकशे एकतीस वर्षे गेली, आणि बाळंतीण तिथेच आहे. पण एक गोष्ट ठळक आहे. आमच्या बाईचे मरण आमच्या बाईने लिहिले. तिला कोणी लक्ष्मी म्हटले नव्हते, म्हणून तिला कोणाची लाज राखायची नव्हती. कुणबिणीला लक्ष्मी म्हटले गेले, आणि लक्ष्मीला भूक लागत नाही, लक्ष्मी मार खात नाही, लक्ष्मी 'इतर कारणां'नी मरत नाही. गौरवाने तिचे तोंड बांधले.

आमच्यातले काही मित्र म्हणतील, तिच्यासाठी आपण का रडायचे? तिने आमच्या आजीला भाकर वरून टाकली. खरे आहे, टाकली. तो हिशोब मी विसरलेलो नाही आणि कोणाला विसरू देणार नाही. 'शेतकरी स्त्री' या गोंडस शब्दाखाली मालकीण आणि मजूर एक करून टाकणाऱ्यांना माझा नकार आहे. पण ज्या रानाच्या बांधावर ती भाकर टाकली गेली ते रान तिचेही नव्हते. तिला जातीने वर बसवले आणि कागदाने बाहेर ठेवले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लिहिणारी समीक्षा हवी. एक लिहून दुसरी गाळणे म्हणजे प्रस्थापितांच्याच वहीत आपले अक्षर काढणे होय.

दुष्काळी कामांवर सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या भागात खेळले. बाजरी-शाळूच्या रानात ऊस आला, पुढे कारखाने आले. बारामती-इंदापूरच्या समृद्धीवर गौरवग्रंथ निघतात. कालव्याची माती डोक्यावर वाहणाऱ्या बायकांची नावे त्यांत असणार कशी? २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित जमिनीत जन्मतः हक्क मिळाला. रानात राबणाऱ्या बायकोचे नाव नवऱ्याच्या उताऱ्यावर अजून आपोआप येत नाही.

वर्गात मी मुलांना एक काम सांगतो. घरातल्या चार पिढ्यांची नावे लिहा. पुरुषांची नावे पणजोबापर्यंत जातात. बायकांची आजीपाशी थांबतात. मराठ्यांच्या मुलांची थांबतात, माळ्यांच्या, धनगरांच्या, आमच्याही मुलांची थांबतात. मग मी म्हणतो, सुट्टीत घरी जा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा, तिच्या सासूचे नाव विचारा, आणि ती कशाने मेली तेही विचारा. मागच्या खेपेला एका मुलीने वहीत एवढेच लिहून आणले : 'नाव पार्वती. अंगावरून गेलं, रान सोडून दवाखान्यात नेलं नाही.' त्या वहीत मी शेरा लिहिला नाही, गुणही दिले नाहीत. 'इतर कारणे' या सदरातली एक बाई त्या दिवशी कमी झाली होती.