किनारी जलाचे आरोग्य : प्रचलित मोजमापाचे परीक्षण

खोपोलीजवळील साजगावी कार्तिकी एकादशीस विठ्ठलाची यात्रा भरते. तेथील सुक्या मासळीच्या बाजारावरून देवालाच ‘बोंबल्या विठोबा’ हे नाव पडले आहे. सागर येथून दूर. परंतु ज्या पाताळगंगेच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे, तिचे पाणी अखेरीस धरमतरच्या खाडीत जाते. किनारी जलाच्या आरोग्याचा विचार किनाऱ्यापाशीच सुरू होत नाही, हे ह्या एका उदाहरणावरून ध्यानी येते.

आपल्याकडे पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये किनारी जलाचे पाच वर्ग केलेले आहेत. वर्गीकरणाचे तत्त्व उपयोगाचे आहे. स्नान व व्यापारी मासेमारी ह्यांसाठीच्या दुसऱ्या वर्गात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅम अपेक्षित आहे. बंदराच्या पाण्यास ३ मिलिग्रॅम पुरतात. ही मापे निरुपयोगी नव्हेत. तथापि येथे प्रश्न ‘हे पाणी मनुष्याच्या कोणत्या कामी येईल?’ असा आहे. ‘ह्यात जीवसृष्टी कशी नांदते?’ असा नाही. एखाद्या खाडीचा वर्ग उतरविला, की पाणी न सुधारताही ते कसोटीस उतरते. शिवाय प्राणवायूचे प्रमाण भरती-ओहोटीगणिक व प्रहरागणिक पालटते. एका नमुन्याची साक्ष त्या क्षणापुरतीच.

युरोपीय संघाने २००० साली काढलेल्या जलविषयक निदेशात ही उणीव पुष्कळशी भरून काढली आहे. वनस्पतिप्लवक, सागरी शैवाले आणि तळच्या गाळातील प्राणी हे तेथे मुख्य साक्षीदार होत. गाळातील कृमी व शिंपले सहसा स्थान सोडून जात नाहीत. म्हणून गेल्या कित्येक महिन्यांचा इतिहास त्यांच्या वस्तीत उमटलेला असतो. अबाधित स्थितीपासून आजची स्थिती किती ढळली, ह्यावर निर्णय अवलंबून असतो.

मात्र ही पद्धत जशीच्या तशी उचलणे धोक्याचे आहे. खाडीत क्षारता सतत बदलते व गाळ मुळातच विपुल असतो. तेथे सोशिक जातींचे प्राबल्य हे प्रदूषणाचेच लक्षण मानता येत नाही. त्यातही पाताळगंगेची अबाधित स्थिती कोणती मानावी? १९१५ साली खोपोलीचे टाटा जलविद्युत् केंद्र सुरू झाल्यापासून घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी ह्या नदीत उतरते. अर्थात रसायनीचे कारखाने उभे राहण्यापूर्वीच तिचा प्रवाह निसर्गाधीन राहिलेला नव्हता.

तेव्हा आदर्श स्थिती ग्रंथातून उसनी घेण्याऐवजी, त्याच खाडीतील निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या ऋतूंत, वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणातूनच ती निश्चित करणे इष्ट होय. रासायनिक मापांना गाळातील जीवांची आणि डोल जाळे लावणाऱ्या कोळ्यांच्या अनुभवाची जोड हवी. साजगावच्या बाजारात बोंबील भरपूर आले, एवढ्यावरून धरमतरचे पाणी निरोगी ठरत नाही. बाजारात अनेक किनाऱ्यांचा माल एकवटतो. नियमांच्या कोष्टकात बसणारा आकडाही तसाच अपुरा पुरावा आहे.