नाममुद्रा ते नामनोंद : संगणकीय गीतसंग्रह आणि मराठी गीताचा कर्ता

बीजशब्द : नाममुद्रा, नामनिर्देश, भावगीत, एमपी-थ्री, आयडी-थ्री, गीतसूची, रसिकता

प्रास्ताविक

ग्रामोफोनपासून संगणकापर्यंतच्या श्रवणसाधनांचा प्रवास मराठीत अनेकांनी मांडला आहे. एमपी-थ्रीमुळे ध्वनीचा दर्जा किती घटला, यावरही पुरेशी चर्चा झाली आहे. त्या मानाने एक बाब दुर्लक्षित राहिली. ती म्हणजे गाण्याबरोबर प्रवास करणारी नावे. गीत कोणाचे, चाल कोणाची, स्वर कोणाचा, ही माहिती गाण्याला कोठे आणि कशी चिकटलेली असते, आणि साधन बदलले की तिचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संगणकावर गाणी साठवणाऱ्या रसिकाचा बराच वेळ प्रत्यक्ष ऐकण्यात जात नाही. तो फायलींची नावे दुरुस्त करण्यात, गायकांची नावे एकसारखी करण्यात, चुकीचे वर्ष खोडून बरोबर वर्ष घालण्यात जातो. हा छंद घरातल्यांना निरुद्योगीपणाचा वाटतो आणि अभ्यासकांनी त्याची दखल घेतलेली नाही. वस्तुतः या किरकोळ वाटणाऱ्या उद्योगात समीक्षेचे एक मूलभूत कार्य घडत असते : कलाकृतीचा कर्ता निश्चित करण्याचे.

नाव कोठे असते?

मराठी परंपरेत कर्त्याचे नाव प्रथम गीताच्या आतच होते. अभंगाच्या अखेरच्या चरणात येणारी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा म्हणजे संहितेतच विणलेली नोंद होय. लेखनसाधन नसलेल्या श्रोत्यालाही ती सोबत नेता येते. अर्थात तिचा गैरवापरही शक्य होता. तुकोबांच्या नावावरील प्रक्षिप्त अभंगांचा प्रश्न गाथेच्या संपादकांना सतत पडत आला, तो यामुळेच. मुद्रा जितकी प्रतिष्ठित, तितकी ती उसनी घेण्याचा मोह अधिक.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी ही मुद्रा गायकाने उचलली. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत, आणि तेथील तंत्रज्ञांना गायिका कोण हे कळावे, एवढाच त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. पुढे तबकडीवरच्या कागदी चकतीने ते काम स्वतःकडे घेतले आणि नाव गाण्याच्या बाहेर पडले.

बाहेर पडलेले नाव गळू शकते. 'महल' (१९४९) या चित्रपटातील 'आएगा आनेवाला' या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले गेले होते. आवाज कोणाचा, अशी विचारणा श्रोत्यांनी नभोवाणीकडे लावून धरली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. कंपनीने केलेली चूक श्रोत्यांच्या कुतूहलाने सुधारली, ही घटना प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तथापि त्या कुतूहलाचा रोख आवाजाकडे होता, हेही विसरता येत नाही. चाल खेमचंद प्रकाश यांची आहे, हे शोधण्यासाठी कोणी पत्रे लिहिल्याची कथा सांगितली जात नाही.

येथे एक भेद स्पष्ट होतो. संतकवीला मुद्रा आहे. गायकाचा आवाज हीच त्याची मुद्रा. दोन ओळी ऐकताच भीमसेन जोशी ओळखू येतात. संगीतकाराला मात्र यांपैकी काहीच उपलब्ध नाही. 'तीर्थ विठ्ठल' या अभंगाचा कवी संहितेतून कळतो, गायक कानाला कळतो; चाल राम फाटक यांची आहे हे मात्र कोणीतरी सांगावेच लागते. आधुनिक भावगीतात कवीनेही मुद्रा सोडली, त्यामुळे तोही याच पंक्तीत येऊन बसला. 'गीत', 'संगीत' आणि 'स्वर' ही त्रयी उच्चारणारी आकाशवाणीवरील निवेदने म्हणूनच निव्वळ औपचारिकता नव्हती. दोन मूक कर्त्यांना ती आवाज देत होती. मराठी श्रोत्याला गदिमा आणि सुधीर फडके, किंवा मंगेश पाडगावकर आणि श्रीनिवास खळे अशी जोडनावे पाठ आहेत. त्याचे बरेचसे श्रेय या निवेदनांकडे जाते.

तीस अक्षरांची चौकट

१९९५ मध्ये जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत 'एमपी-थ्री' हे फायलीचे नाव रूढ झाले, तेव्हा त्या फायलीत गाण्याविषयीची माहिती लिहिण्यास जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी आयडी-थ्री ही पद्धत सुचवली. फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइट जोडायचे. त्यांत ओळखीची तीन अक्षरे, शीर्षकास ३० बाइट, कलावंतास ३०, अल्बमला ३०, वर्षास ४, शेऱ्यासाठी ३० आणि संगीतप्रकारासाठी एक. नोंद गाण्याच्या शेवटी येते या अर्थी अभंगाच्या मुद्रेशी तिचे साम्य आहे. परंतु साम्य तेथेच संपते.

रचनेत 'कलावंत' एकच आहे. गाणारा, लिहिणारा आणि चाल बांधणारा एकच व्यक्ती किंवा एकच वाद्यवृंद असतो, हे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील गृहीत त्यामागे आहे. हे गृहीत खुद्द पाश्चात्त्य अभिजात संगीतालाही लागू पडत नाही; बेथोव्हेनची सिंफनी ऐकणाऱ्याला 'कलावंत' या रकान्यात बेथोव्हेन लिहावा की वाद्यवृंदसंचालक, हा पेच पडतोच. मराठी भावगीत, नाट्यगीत आणि चित्रपटगीत यांच्या बाबतीत तो पेच प्रत्येक गाण्याला पडतो.

संगीतप्रकारांची यादीही पाहण्यासारखी आहे. मूळच्या ८० प्रकारांत पोल्का आहे, ग्रंज आहे, ख्रिश्चन रॅप आहे, डेथ मेटल आहे, इतकेच काय, 'थट्टा' या अर्थाचाही एक प्रकार आहे. भावगीत, लावणी, नाट्यसंगीत यांना जागा नाही. उरते ती ४८व्या क्रमांकाची 'एथ्निक' ही कोठडी किंवा १२व्या क्रमांकाची 'इतर'. यादी करणाऱ्याचा दुष्ट हेतू त्यात शोधण्याचे कारण नाही. त्याने आपल्या घरातल्या फडताळाला जेवढे कप्पे होते तेवढे मोजले.

लिपीचा प्रश्न आणखी वेगळा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'ज्योत्स्ना' या शब्दात जोडाक्षरे सुटी केली असता दहा चिन्हे होतात, म्हणजे बरोबर तीस बाइट. ज्योत्स्ना भोळे यांचे आडनाव या चौकटीबाहेर राहिले असते. प्रत्यक्षात हा प्रसंग फारसा आला नाही, कारण मराठी रसिकाने सुरुवातीपासून रोमन लिपीच वापरली. त्यातून फडके कधी 'पीएच'ने तर कधी 'एफ'ने सुरू झाले आणि एकाच संग्रहात त्यांची दोन माणसे झाली.

१९९८ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत संगीतकार आणि गीतकार यांना स्वतंत्र रकाने मिळाले, युनिकोडचीही सोय झाली. तांत्रिक अडचण तेथे दूर झाली, असे म्हणता येईल. पण विनॅम्पसारखी १९९७ पासून घरोघरी पोहोचलेली सॉफ्टवेअरे यादीत ठळकपणे दाखवत ती कलावंत आणि शीर्षक एवढेच. जे दिसत नाही ते कोणी भरत नाही.

रसिकाचा उद्योग

भारतात या पोकळीत दोन प्रवाह शिरले. पहिला पदपथावरच्या सीडीचा. ७०० मेगाबाइटच्या एका चकतीवर, सेकंदाला १२८ किलोबिट या दराने, सुमारे बारा तासांचे संगीत मावते. अशा चकत्यांवर संगीतकाराचे नाव शोधणे व्यर्थ होते. पुष्कळदा गाण्याचे नावही 'ट्रॅक ०१' असे. पुढे फुकट गाणी देणाऱ्या संकेतस्थळांनी कलावंत, संगीतकार, शेरा अशा सर्व रकान्यांत स्वतःचाच पत्ता भरून ठेवला. प्रक्षिप्त मुद्रेचा हा आधुनिक अवतार म्हणावा लागेल. फरक इतकाच की, जुने प्रक्षेपकार निदान एक अभंग तरी रचत.

दुसरा प्रवाह रसिकांचा. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' यांच्या 'हिंदी फिल्म गीत कोश'ने १९८० पासून छापील माध्यमात जे कार्य आरंभिले, त्याच वृत्तीची माणसे आंतरजालावर एकत्र आली. अविनाश चोपडे यांनी १९९१ मध्ये केलेल्या 'आयट्रान्स' या लिप्यंतर-प्रणालीमुळे रोमन कळफलकावरून देवनागरी छपाई शक्य झाली. भारताबाहेर राहणाऱ्या हौशी श्रोत्यांनी तिच्या आधारे शेकडो हिंदी गीतांच्या संहिता गीतकार-संगीतकारांच्या नावांसह टंकित केल्या. मराठीत 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाने गीत, संगीत, स्वर यांबरोबर राग आणि गीतप्रकार यांचे रकाने ठेवले. सॉफ्टवेअरने नाकारलेली त्रयी येथे परत आली.

या उद्योगाचे सरसकट गौरवीकरण करता येणार नाही. उत्साहाच्या भरात चुका पसरतात, आणि एकदा पसरलेली चूक हजार संगणकांवर जाऊन बसते. इंग्रजीत कोणतेही विडंबनगीत 'वियर्ड अल' यान्कोविच यांच्या नावावर जमा होत असे. मराठीत अनोळखी अभंग तुकोबांच्या नावे लागतो, तो याच न्यायाने. प्रसिद्ध नाव रिकामा रकाना सहन करीत नाही. तरीही हौशी श्रोत्याची चूक आणि संकेतस्थळाचा पत्ता यांत गुणात्मक भेद आहे. पहिलीत कर्त्याविषयी जिज्ञासा आहे.

'गीतरामायण' : एक कसोटी

या सर्व रचनांची परीक्षा घेण्यास 'गीतरामायणा'इतके योग्य उदाहरण मिळणे कठीण. १ एप्रिल १९५५ पासून सुमारे वर्षभर पुणे आकाशवाणीवरून सादर झालेली ही ५६ गीते ग. दि. माडगूळकर यांची, संगीत सुधीर फडके यांचे. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे अनेक गायक पात्रपरत्वे होते. पुढे फडके यांनी सर्व गीते स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि आज बहुतेकांच्या संग्रही आहे ते हेच रूप.

वर्षाच्या रकान्यात काय लिहावे? प्रसारणाचे वर्ष की ध्वनिमुद्रिकेचे? 'कलावंत' म्हणून फडके लिहिले तर ते गायक या नात्याने की संगीतकार या नात्याने, हे रकाना सांगत नाही. गदिमा तर कोठेच येत नाहीत; ज्याच्या शब्दांमुळे या कृतीला रामायण म्हणायचे, तोच नोंदीतून वगळला जातो. सर्वांत गंभीर हानी वेगळीच आहे. सीतेचे गीत सीतेच्या आवाजात, ही मूळची नभोनाट्यात्मक योजना होती. ती पुसली जाऊन एकाच कथकाचे निरूपण उरते. हे रूपही स्वतंत्रपणे थोर आहे. पण ते दुसरे आहे, हे सांगण्याची सोय नोंदीत असावयास हवी.

अशी सोय २००० साली सुरू झालेल्या म्युझिकब्रेन्झ या स्वयंसेवी संगीतकोशात आहे. २०११ मधील फेररचनेनंतर तेथे 'कृती' आणि 'ध्वनिमुद्रण' हे दोन वेगळे घटक मानले जातात. कवी आणि संगीतकार कृतीशी जोडले जातात, गायक ध्वनिमुद्रणाशी. 'कट्यार काळजात घुसली'सारख्या उदाहरणात याची उपयुक्तता पटते. १९६७च्या नाटकातील जितेंद्र अभिषेकी यांच्या चाली २०१५च्या चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चालींच्या शेजारी नव्या आवाजांत आल्या. एका अल्बमला एक संगीतकार, असे मानणारी नोंद येथे अभिषेकींना तरी गिळते किंवा नव्या संगीतकारांना तरी. याउलट 'सैराट'मध्ये (२०१६) संगीत अजय-अतुल यांचे, गीतरचनेत त्यांचा वाटा आणि गायकही अजय गोगावले, त्यामुळे पाश्चात्त्य चौकट विनासायास बसते. अपवाद बसतो म्हणून चौकट योग्य ठरत नाही.

नोंद कोणाच्या मालकीची?

रसिकांच्या श्रमाचा एक आर्थिक शेवटही आहे. सीडी संगणकात घातली की गाण्यांची नावे आपोआप दिसावीत, यासाठी जगभरच्या श्रोत्यांनी सीडीडीबी या कोशात हाताने माहिती भरली. तो कोश खासगी मालकीचा झाला, ग्रेसनोट या नावाने परवाना घेऊनच वापरता येऊ लागला, आणि २००८ मध्ये सोनीने ही कंपनी सुमारे २६ कोटी डॉलरना विकत घेतली. माहिती भरणाऱ्यांना त्यातले काही मिळाले नाही. मुक्त पर्याय म्हणून उभा राहिलेला फ्रीडीबी २०२० मध्ये बंद पडला.

भारतात नावाला आता कायदेशीर किंमत आहे. २०१२च्या कॉपीराइट सुधारणेनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. वाटा पोहोचवायचा तर आधी नाव बरोबर हवे. स्ट्रीमिंग सेवांवर मात्र भारतीय गीतांखाली पुष्कळदा स्वल्पविरामांनी जोडलेली नामावली दिसते : संगीतकार, गायक, गीतकार एका ओळीत, कोणाचे काम कोणते याचा उल्लेख नाही. सविस्तर श्रेयनामावली असलीच तर ती आणखी एका बटणामागे असते.

गायकाची मुद्रा तरी अबाधित आहे काय? कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाजाची नक्कल सुलभ केल्यानंतर जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या नावाला आणि आवाजाला अंतरिम संरक्षण दिले. आवाज ऐकून गायक ओळखावा, हा श्रोत्याचा आजवरचा भरवसा न्यायालयात नेऊन सांभाळावा लागत आहे. यापुढे गायकही राम फाटक यांच्याच रांगेत येतो : त्याचेही नाव कोणीतरी तपासून लिहावे लागेल.