आलेखाचा संकोच-विस्तार आणि पावसाचा खंड

वेबवरील आलेखासाठी साधन निवडताना सामान्यतः रूप, गती आणि मूल्य यांचाच विचार होतो. आलेखाचा हवा तो भाग मोठा करून पाहता यावा, म्हणजेच ‘झूम’ची सोय असावी, ही अपेक्षाही आता रूढ झाली आहे. तथापि आलेख संकोचलेला असताना साधन काय गाळते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. धाराशिव जिल्ह्याच्या पर्जन्याचा आलेख करावयाचा असेल, तर हाच प्रश्न प्रमुख ठरतो.

भारतीय हवामानशास्त्र विभागाने १९०१ पासूनची दैनिक पर्जन्याची चौकटवार आकडेवारी सिद्ध केली आहे. १९०१ ते २०२० या १२० वर्षांचे ४३,८३० दिवस होतात. पडद्यावरील १,००० बिंदूंच्या रुंदीत ते बसविले, तर प्रत्येक उभ्या स्तंभाच्या वाट्याला सुमारे ४४ दिवस येतात. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पडलेला तीन आठवड्यांचा खंड अशा एका स्तंभात सहज लुप्त होतो. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातील परंडा व भूम तालुक्यांना पुराने ग्रासले. अशा प्रदेशात शिखर आणि खंड ही दोन्ही दिसली पाहिजेत.

एसव्हीजी पद्धतीत प्रत्येक बिंदूसाठी स्वतंत्र घटक निर्माण होतो. घटकांची संख्या हजारोंत गेली की ब्राउझर मंदावतो. कॅनव्हासवर हा भार नसतो. म्हणून डायग्राफ्स व ईचार्ट्स ही साधने दीर्घ कालमालेला सोयीची पडतात. परंतु गतीबरोबर बिंदूंची निवडही येते. ईचार्ट्समध्ये सरासरी, कमाल, बेरीज अथवा ‘एलटीटीबी’ हे पर्याय मिळतात. सरासरीने शिखर खचते. कमाल घेतल्यास एका पावसाळी दिवसामागे वीस कोरडे दिवस दडतात. आइसलँड विद्यापीठात २०१३ साली स्वाइन स्टाइनार्सन यांनी मांडलेली ‘एलटीटीबी’ रीत रेषेचा आकार चांगला राखते. मात्र शून्यांच्या सलगतेची मोजणी तिच्यात कोठेही नाही. डोळ्यास जे उठून दिसते ते तिच्यात टिकते. शेतास जे मारक ते टिकेलच असे नाही.

यावर उपाय साधनात नसून आकडेवारीच्या पूर्वसंस्कारात आहे. २.५ मिलिमीटरहून कमी पावसाचा दिवस कोरडा मानून सलग खंड आधी मोजावेत आणि मगच ते स्तंभांत वाटावेत. क्रम उलटला तर स्तंभाच्या सीमेवर खंडाचे तुकडे होतात. मुख्य आलेखाखाली खंडाची स्वतंत्र पट्टी असावी, आणि विस्तार करताच प्रत्येक दिवसाचा मूळ आकडा परत दिसावा.

या कसोटीवर २०११ साली प्रसिद्ध झालेले डीथ्री सर्वांत मोकळे, परंतु सर्वांत श्रमाचे साधन होय. हायचार्ट्स सुबक असले तरी व्यापारी उपयोगासाठी त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. ईचार्ट्स मुक्त आहे आणि दोन आलेख एकाच संकोच-विस्ताराला जोडू देते. म्हणून लहान विभागातील अभ्यासकास तेच अधिक व्यवहार्य. मात्र त्याचे तयार निवडतंत्र या कामी बंद ठेवणे इष्ट. कोणता दिवस गाळावा, याचा निर्णय अभ्यासकाचा आहे. तो ग्रंथालयाच्या पूर्वनिश्चित रचनेवर सोपविला, तर दुष्काळाचा पुरावा आलेखातूनच नाहीसा होतो.